भेदराची गोष्ट

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान मंडळी बोलून जातात. मी विद्वान नाही आणि वक्ताही नाही. पण यंदाच्या संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकवाला ज्या भगिनी आल्या होत्या, त्यांना सौभाग्यवतीने वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्याऐवजी दोन-दोन टोमॅटो दिले. तेव्हापासून ओमतीत मला लोक टोमॅटोवाले काका म्हणून ओळखू लागले आहेत. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "तुम्ही तेच सांगा. पावसाळा झाला की सगळ्यांच्या कुंड्यांची तक्रार असते." म्हणून आज मी टोमॅटोवर बोलणार आहे. वादळाने मोडलेली आणि अति पाण्याने बुडालेली रोपे कशी वाचवावीत, हा विषय. त्यातले अर्धे शहाणपण मी स्वतः चुका करून मिळवले आहे, हे आधीच कबूल करतो.

प्रथम थोडी घरची हकिगत सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

आमचे मूळ गाव मोर्शीकडचे. वडील गेल्यावर आईला आम्ही इकडे घेऊन आलो. तिचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. शेत बटाईने दिले, घराला कुलूप घातले. आईने सोबत एक पत्र्याची पेटी आणली. तिच्यात दोन लुगडी, वडिलांचा चष्मा आणि राखेत ठेवलेली बियांची एक पुरचुंडी होती. ते बी भेदराचे होते. आपण ज्याला टोमॅटो म्हणतो आणि जुने लोक बेलवांगी म्हणत, त्याला आमच्या वऱ्हाडात भेदरं म्हणतात. इथे जबलपूरला तो टमाटर झाला, आणि पुढे छत्तीसगडात गेलात तर पताल होतो. नावे बदलतात, भाजी तीच.

पण हे भेदरं मात्र बाजारातले नव्हते. चपटे, कंगोरे असलेले, पातळ सालीचे आणि चांगलेच आंबट. टोपलीत दोन दिवस ठेवले की फुटते, म्हणून त्याला बाजार नाही. आई दरवर्षी त्याचे बी धरून ठेवायची. गावाकडे आता जो शेत वाहतो तो दुकानातून संकरित बियाणे आणतो. त्यात त्याची चूक नाही, त्याला बाजारात माल विकायचा असतो. तेव्हा आमच्या माहितीत हे बी त्या पुरचुंडीतच काय ते उरले होते. चाळीसेक बिया होत्या आणि त्याही तीन वर्षांच्या जुन्या.

मागच्या वर्षी श्रावणात आम्ही त्या सगळ्या पेरल्या. सगळ्या पेरणे ही पहिली चूक. तिच्याबद्दल शेवटी बोलेन. अकरा उगवल्या, त्यातली नऊ रोपे जगली. गौरी-गणपतीच्या सुमारास ती बारा इंची कुंड्यांत लावली आणि गच्चीवर ठेवली. आईच्या गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नाही. ती खाली ओट्यावर बसायची आणि रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारायची, "भेदरं कशी आहेत?" इथे आल्यापासून ती फारसे बोलत नव्हती. पण हा प्रश्न ती चुकवत नसे.

अनंत चतुर्दशी झाली, बाप्पा गेले, आणि पितृपक्षात एका रात्री वादळ आले. पावसाळा जाता जाता असा तडाखा देतो हे आपण सगळे जाणतो. वर्षभराचा तेराशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडणारा. त्यात शेवटचे दोन-तीन दिवस हिशेब चुकता केल्यासारखे असतात. सकाळी वर जाऊन पाहिले तर चार कुंड्या आडव्या झालेल्या. एक रोप बुंध्याशीच तुटले होते. एकाचे खोड उभे चिरले होते. बाकीच्यांची पाने फाटून चिखलाने माखली होती आणि कुंड्यांखालच्या बशा काठोकाठ भरलेल्या. वर आणखी दोन दिवस पाऊस चालू राहिला.

आता आमची सेवा ऐका. पाऊस थांबला, ऊन पडले, आणि दुपारी पाहतो तो सगळ्या रोपांनी माना टाकलेल्या. मला वाटले, वादळाचा धक्का बसला, उन्हाने तहानली. मी सकाळी झारीभर पाणी घालू लागलो. सौभाग्यवती संध्याकाळी तुळशीला पाणी घालायला वर जाई, ती त्यांनाही घाली. मुलगा रात्री नऊला कामावरून येतो. तो कपडे बदलून वर जाई आणि पाइपने पाणी देई. तिघांनीही एकमेकांना सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही वाटलेच नाही. झाडाला पाणी घालणे हे पुण्याचे काम, त्यात विचारायचे काय? पाने पिवळी पडू लागली तेव्हा मी अशक्तपणा आला असे समजून प्रत्येकी चमचाभर युरिया टाकला.

आठ दिवसांत तीन रोपे गेली. हिशेब स्पष्ट आहे : वादळाने एक रोप मारले, आम्ही तीन मारली.

आईला आम्ही काय सांगत होतो? "छान आहेत." तिला कशाला त्रास, हा विचार. खाली तिच्या हातून पाण्याचा तांब्या काढून घेत होतो, भाजी निवडायला बसली तर "राहू द्या आई" म्हणत होतो, आणि वर तिचे बी मरत होते ते लपवत होतो.

घटस्थापनेच्या दिवशी मला ते असह्य झाले. एक कुंडी उचलून खाली आणली आणि तिच्यासमोर ठेवली. म्हटले, "आई, चार गेली. उरलेलीही अशीच आहेत. एवढं पाणी घालतो तरी सुकतायत."

तिने पान हातात घेतले नाही. आधी कुंडीच्या काठाला हात लावला, मग खराट्याची काडी मागितली. ती मातीत खोल खुपसली आणि बाहेर काढली. काडीला चिखल लागला होता. तिने तो नाकाशी नेला आणि म्हणाली, "हे काई तहानलं नाई रे. हे त बुडालं." मग देवघराकडे हात केला. तिथे त्याच सकाळी घट बसवला होता. "त्या घटाले किती पानी घालत असतो आपन? शिंपडतो. ओतलं त धान उगवंल का? याले आता पानी नको, वारा पायजे."

इतके मोठे भाषण तिने इथे आल्यापासून केले नव्हते.

त्याच संध्याकाळी आपल्या मंडळाचे एक सभासद दर्शनाला आले. ते अधारतालच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयातून निवृत्त झालेले. त्यांना मी मेलेले एक रोप दाखवले. त्यांनी आधी माझ्या आशेला एक संधी दिली. म्हणाले, टोमॅटोला जिवाणूंचा मर रोग होतो, त्यातही हिरवे रोप असेच मान टाकते. तो आहे का पाहू. त्यांनी बुंध्याजवळच्या खोडाचा ताजा तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा धरला. मर रोग असेल तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरतो. आम्ही वाट पाहिली. धागा आला नाही. मग त्यांनी मुळे धुऊन दाखवली. निरोगी मूळ पांढरे आणि ताठ असते. ही तपकिरी झाली होती, चिमटीत धरून ओढले की वरची साल मोज्यासारखी निघून येत होती आणि वास नासका होता. रोगावर दोष ढकलण्याची सोय राहिली नाही.

पाण्यात उभे असलेले रोप सुकते कसे, हे मला तेव्हा त्यांच्याकडून नीट कळले. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. काहींत पाणी असते, काहींत हवा. सगळ्याच पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेला जागा उरत नाही. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यातून पसरतो. म्हणजे मूळ गुदमरते. आणि गुदमरलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. भोवती पाणीच पाणी आणि वर पाने कोरडी, अशी त्याची अवस्था होते.

टोमॅटोत आणखी एक गंमत होते. श्वास कोंडलेल्या मुळांत एक द्रव्य साचते. ते खोडातून वर चढते आणि पानांत हवा मिळाली की त्याचे इथिलीन होते. इथिलीन म्हणजे तोच वायू ज्याने आढीतला आंबा पिकतो. या इथिलीनमुळे देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढते आणि पान खाली वाकते. मुळातून वर जाणाऱ्या द्रव्याची ही गोष्ट १९८० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या केंट ब्रॅडफर्ड आणि शांग फा यांग या शास्त्रज्ञांनी टोमॅटोच्याच रोपांवर दाखवून दिली. तेव्हा ती वाकलेली मान म्हणजे खालून वर पाठवलेला निरोप होता, 'आम्ही गुदमरतो आहोत' असा. आम्ही तो 'पाणी द्या' असा वाचला.

मग तहानलेले आणि बुडालेले यातला फरक ओळखायचा कसा? चार खुणा सांगतो.

तहानलेल्या रोपाचे पान मऊ पडते, हातात फडक्यासारखे लागते. बुडालेल्या रोपाचा देठ खाली वळतो, पण सुरुवातीला पान बरेचसे ताठ असते. ही पहिली खूण. दुसरी, दुपारच्या उन्हाने मलूल झालेले रोप संध्याकाळी किंवा सकाळपर्यंत सावरते. बुडालेले सकाळीही तसेच असते. तिसरी, बुडालेल्याची खालची पाने आधी पिवळी पडतात. आणि चौथी, सगळ्यात खात्रीची, म्हणजे आईची काडी. काडी चार बोटे खोल घालून काढा. ओला चिखल लागून आला तर पाणी द्यायचे नाही, मग वरची माती कितीही कोरडी दिसो.

फॅक्टरीतल्या मित्रांसाठी माझी स्वतःची एक पद्धत सांगतो. आपण आयुष्यभर गेजशिवाय काही पास केले नाही, मग इथे अंदाजाने का चालावे? मी वजनकाट्याला कुंडी टांगली. पाणी घालून पूर्ण निथळल्यावर माझी बारा इंची कुंडी सतरा किलो भरली. काडी कोरडी निघू लागली तेव्हा चौदा. म्हणजे चौदाला पाणी, त्याआधी नाही. तुमचे आकडे वेगळे येतील, पण ते काढा. पंधरा दिवसांत हाताला सवय होते, नुसती कुंडी कलती करून कळते.

आता वादळानंतर काय करावे ते क्रमाने सांगतो. आम्ही जे उलट केले ते सुलट करून घ्या.

सर्वांत आधी पाण्याला वाट. कुंड्यांखालच्या बशा काढून रिकाम्या करा आणि पावसाळाभर ठेवूच नका. कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालचे भोक जमिनीला चिकटून बंद होत नाही. भोकात खालून जाड खिळा घालून ते मोकळे करा. आमच्या नऊपैकी पाच कुंड्यांची भोके मातीने बुजलेली निघाली. ओमतीत राहणाऱ्याला हे मी काय सांगावे? नाल्याचे तोंड तुंबले की वरच्या गल्लीत काय होते ते आपण पाहिले आहे. कुंडीतही तेच होते.

इथली काळी माती हा त्यातला मोठा भाग आहे. ती पाणी धरून फुगते आणि सुकली की भेगाळते. शेतात तो गुण, कुंडीत तोच दोष. या भागातले जुने शेतकरी हे जाणत होते. त्यांची हवेली पद्धत आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. शेताला उंच बांध घालून पावसाचे पाणी चार महिने साठवायचे, आणि पावसाळा सरला की बांध फोडून ते सोडून द्यायचे. मग त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पाणी साठवणारा तो शेतकरीही पेरणीआधी ते बाहेर काढत होता. आमच्या कुंडीला सोडायची वाटच नव्हती. आता मी माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि जाड रेती असे तीन समान भाग घेतो.

कुंडी फारच चिखल झाली असेल तर एक उपाय आहे. रोप मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर काढा आणि तो गोळा जुन्या सुती धोतरात किंवा वर्तमानपत्राच्या घड्यांत गुंडाळून तासभर ठेवा. कापड पाणी शोषून घेते. काळी पडलेली, वास येणारी मुळे कात्रीने कापा, पांढऱ्यांना हात लावू नका. मग नव्या मोकळ्या मातीत लावा.

दुसरी गोष्ट सावलीची. बुडालेल्या रोपाला तीन-चार दिवस भर उन्हात ठेवू नका, कारण उन्हात पाने पाणी मागतात आणि मुळे ते देऊ शकत नाहीत. पण कोंदट खोलीतही नको. उजेड हवा, वारा हवा, फक्त दुपारचे ऊन नको.

तिसरे, मोडलेल्या भागांचे. आडवे पडलेले रोप एका दमात सरळ करू नका. काठीला सैल बांधून दोन-तीन दिवसांत थोडे थोडे उभे करा. चिरलेले खोड अजून हिरवे असेल तर टाकू नका. दोन्ही भाग नीट जुळवा, जुन्या साडीच्या सुती पट्टीने गुंडाळा आणि शेजारी बांबूची काडी बांधा. हात मोडल्यावर फळी बांधतात तसेच. सुतळी वापरू नका, ती कापते. आमचे चिरलेले रोप तीन आठवड्यांत सांधले गेले आणि त्या जागी गाठ आली. फाटलेली, मातीला टेकलेली खालची पाने कात्रीने काढून टाका, कारण करपा तिथूनच वर चढतो. पानावर गोल गोल वलयांचे तपकिरी डाग दिसले तर ते पान लगेच काढा, आणि मातीवर कोरड्या पाचोळ्याचा थर द्या म्हणजे पावसाचा चिखल पानांवर उडत नाही.

चौथी गोष्ट न करण्याची. खत देऊ नका. ज्याला श्वास घेता येत नाही त्याच्या तोंडात लाडू कोंबण्यासारखे ते आहे. नवे हिरवे शेंडे फुटून दोन बोटे वाढले की मगच, आणि तेही अर्ध्या मात्रेने.

पाचवी गोष्ट विम्याची. टोमॅटोच्या खोडात मुळे फुटण्याची शक्ती जागोजागी असते. पाण्यात राहिलेल्या रोपाच्या बुंध्यावर बारीक पांढरे फोड दिसतात ते रोग नाहीत. ती नवी मुळे आहेत. रोप आपल्या परीने वाचण्याची धडपड करत असते. म्हणून देठाच्या बगलेत फुटणारे वीतभर लांबीचे कोंब, ज्यांना बगलफूट म्हणतात, ते काढून ओलसर रेतीत सावलीत लावले तर दहा-पंधरा दिवसांत मुळे धरतात. मूळ रोप गेले तरी त्याचा वंश राहतो. वादळाच्या सकाळी जे रोप बुंध्याशी तुटले त्याचा शेंडा मी कचऱ्यात टाकला होता. तो रेतीत खोचला असता तर ते रोपही कदाचित वाचले असते, हे मला नंतर कळले.

उरलेल्या पाच कुंड्या आम्ही खाली ओट्यावर आणल्या. ओटा दक्षिणेकडे तोंड करून आहे, थंडीत तिथे चांगले ऊन येते. आणि पाण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे दिला, तो आईकडे. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी पाण्याची खूण करायला सुरुवात केली. पहिले सहा दिवस एकही खूण नाही. मुलगा अस्वस्थ झाला, मी अस्वस्थ झालो. एकदा तिचा डोळा लागलेला पाहून मी हळूच तांब्या घेऊन गेलो, तर डोळे मिटूनच ती म्हणाली, "ठेव तो खाली."

पाचातले एक रोप तरीही गेले. त्याची मुळे आधीच नासली होती. चार वाचली. बगलफुटीच्या पाच काड्या लावल्या होत्या, त्यातल्या दोन जगल्या. अशी सहा झाली. दिवाळीनंतर फुलांनी भरली आणि डिसेंबरअखेर पहिले भेदरं लाल झाले. त्याची आईने चुलीवर भाजून चटणी केली. चूल म्हणजे गॅसच, पण ती चूलच म्हणते.

मधे एक अडचण आली, तीही सांगून ठेवतो. काही हिरव्या फळांच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडू लागला. पुष्कळ लोक त्याला चुन्याची कमतरता समजून चुना टाकतात. कमतरता चुन्यातल्या कॅल्शियमचीच असते, पण बहुधा मातीत ते असते. पाणी कधी खूप, कधी मुळीच नाही असे झाले की ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. पाणी नेमाने, वजन पाहून दिले की पुढची फळे स्वच्छ येतात. आमची आली.

मित्रहो, आमच्या नऊ कुंड्या होत्या. ज्याचे पोट शेतावर आहे त्याचे काय होत असेल? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात आणि आपल्या मध्य प्रदेशात गारपीट झाली तेव्हा उभी पिके आडवी झाली. त्यांना ओट्यावर उचलून आणायची सोय नव्हती. म्हणून या प्रश्नावर मोठे काम चालू आहे. वांग्याचे मूळ पाण्यात टोमॅटोपेक्षा अधिक टिकते. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राने वांग्याच्या बुंध्यावर टोमॅटोचे कलम बांधण्याची शिफारस केली, आपल्या वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेनेही त्यावर काम केले, आणि शेजारच्या छत्तीसगडात अशी कलमी रोपे शेतकरी लावतात. हे ऐकल्यावर मला बेलवांगी हे जुने नाव आठवले. वांग्याशी त्याचे नाते आपल्या लोकांनी नावातच सांगून ठेवले होते.

शेवटी बियांबद्दल. आम्ही सगळे बी एकाच वेळी पेरले आणि एका वादळात ते संपत आले होते. यापुढे अर्धे पेरायचे, अर्धे ठेवायचे, असे ठरले आहे. बी धरायचे ते निरोगी झाडाच्या पूर्ण पिकलेल्या फळाचे. गर पाण्यासह वाटीत काढून दोन-तीन दिवस आंबू द्या. बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते. मग धुवा, तळाशी बसलेल्या बिया घ्या, सावलीत ताटलीवर सुकवा आणि कोरड्या जागी ठेवा. संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या पिढीत तसेच फळ येत नाही. पण अशा गावरान वाणाचे येते, कारण टोमॅटो बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतो. चांगले ठेवलेले बी तीन-चार वर्षे सहज उगवते.

आणि एका घरात ठेवलेले बी एका वादळाचे असते. चार घरांत दिलेले बी सहसा हरवत नाही. म्हणून आज मंडपाच्या दाराशी एक टेबल मांडले आहे. तिथे आई बसली आहे. तिच्याजवळ पुड्या आहेत, प्रत्येकीत बारा बिया. ज्यांच्याकडे ऊन येणारी गच्ची किंवा ओटा आहे त्यांनी एकेक घेऊन जावी. आपल्या जबलपूरला पेरायची वेळ हीच आहे. सहा पेरा, सहा ठेवा.

मोबदला काही नाही. फक्त नवरात्रात एकदा येऊन रोपे कशी आहेत ते तिला सांगायचे. मात्र खरे काय ते सांगा. "छान आहेत" एवढ्या उत्तरावर तिचे आता समाधान होत नाही. पान वाकले आहे की मऊ पडले आहे, खालचे पिवळे आहे की वरचे, काडीला चिखल लागतो का, हे सगळे ती विचारते, आणि मग सांगते. आमच्या ओट्यावर संध्याकाळी दोन-तीन जण तरी येऊन बसलेले असतात. तिला चहा करून द्यायलाही आम्ही आता जात नाही. ती त्यांना स्वतः करून देते.